सीएनजी किट बसवलं, आता आरसीवर चढवायचं कसं

आमचं दुकान कोल्हापुरात. किट बसवायचं काम हे आणि पोरं बघतात, कागद माझ्या टेबलावर. गिऱ्हाईक टाकी केवढी, ॲव्हरेज किती, डिकीत गावाला जायची बॅग मावेल का, सगळं विचारतं. आरसीचं मात्र कुणी काढत नाही. ते निघतं विमा संपल्यावर, नाहीतर गाडी विकायला काढल्यावर. मग फोन येतो, ‘वैनी, ते आरसीवर चढवायचं राहिलंय की.’

तोवर बिल हरवलेलं असतं, किटच्या मान्यतेची तारीख उलटलेली असते आणि कधी कधी ज्यानं किट बसवलं त्याच्या दुकानाला कुलूप लागलेलं असतं. म्हणून माझं सांगणं एवढंच, की आरसीचं काम किट बसवून झाल्यावर सुरू होत नाही. ते गाडी रॅम्पवर चढायच्या आधी सुरू होतं.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं, की कंपनीनं गाडी जशी बनवली त्यात फरक पडेल असा बदल मालकानं परस्पर करायचा नाही. मान्यता असलेलं किट बसवून गाडी गॅसवर किंवा बॅटरीवर चालवायला त्यात वाट ठेवलेली आहे. पण तो बदल आरसीवर यायला हवा. मंजुरी न घेता बदल केला असेल तर १४ दिवसांच्या आत आपण राहतो तिथल्या आरटीओला कळवून आरसी नोंदीसाठी द्यायची. २०१९ च्या दुरुस्तीनं कलम १८२-अ नव्यानं लिहिलं गेलं. परवानगीत न बसणारा बदल केला तर दर बदलामागं ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आत गेलेला अजून माझ्या बघण्यात नाही. विम्याच्या क्लेमला आपटलेले बघितलेत. अपघात झाला, जाळ लागला, काहीही झालं तरी कंपनीचा सर्व्हेअर आधी आरसी मागतो. आरसीवर ‘पेट्रोल’ आणि डिकीत टाकी, म्हणजे त्याला आयतंच कारण मिळतं.

किट बसवायच्या आधी

आरसी हातात घेऊन आधी नाव वाचा. गाडी सेकंडहँड घेतली आणि अजून आधीच्या मालकाच्याच नावावर आहे, असं आमच्याकडं सर्रास येतं. अर्ज आरसीवरच्या मालकाचा लागतो, बिलही त्याच्याच नावाचं. तेव्हा पहिल्यांदा फॉर्म २९ आणि ३० भरून गाडी नावावर करून घ्या. वडील वारले आणि गाडी त्यांच्याच नावावर फिरतेय, असं असेल तर फॉर्म ३१. हे काम जड वाटतं म्हणून लोक पुढं ढकलतात. पण ते केल्याशिवाय गॅसची नोंद होत नाही, आणि नोंदीची घाई असताना वारसांच्या सह्या गोळा करत फिरणं म्हणजे वैतागच.

दुसरं, बोजा. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचं ना हरकत पत्र घ्या आणि त्यात ‘सीएनजी किट बसवण्यास हरकत नाही’ असं स्पष्ट लिहून आणा. नुसतं ‘खातं नियमित आहे’ असलं पत्र चालत नाही. कर्ज फिटून वर्षं झाली पण आरसीवरून बोजा उतरवलेला नाही, असेही बरेच असतात. बँकेनं दिलेला फॉर्म ३५ घरात कुठं तरी असतोच, तो शोधा आणि आधी बोजा उतरवा.

तिसरं म्हणजे मोबाईल नंबर. परिवहनच्या पोर्टलवर गाडीच्या खात्याला जो नंबर जोडलेला आहे त्यावरच ओटीपी जातो. गाडी घेताना शोरूमवाल्यानं स्वतःचाच नंबर टाकून दिलेला असतो, किंवा तुमचं जुनं सिम बंद पडलेलं असतं. मोबाईल नंबर बदलायची सोय पोर्टलवरच आहे. गाडीचा नंबर, चेसिस नंबर, इंजिन नंबर आणि नोंदणीची तारीख टाकावी लागते.

बाकी पासिंगची मुदत बघा, विमा चालू आहे का बघा, थकलेली ई-चलानं भरून टाका. १ एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असेल तर एचएसआरपी नंबर प्लेट लावून घ्या, नाहीतर आरटीओत फाईल तिथंच अडते. पंधरा वर्षांचं पासिंग संपत आलेल्या गाडीला किट बसवायचं का, असं कुणी विचारलं तर मी स्पष्ट सांगते, नका बसवू. दुकान आमचंच आहे तरी सांगते.

गाडी बीएस-६ असेल, म्हणजे धुराच्या नव्या निकषांतली, तर एक गोष्ट माहीत असावी. या गाड्यांना बाहेरून किट बसवायला आधी वाटच नव्हती. ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अधिसूचनेनं ती मिळाली, तीही साडेतीन टनांच्या आतल्या गाड्यांना. म्हणून बीएस-६ गाडीला बीएस-४ चं मान्यतापत्र असलेलं किट चालत नाही. दोन्ही किटं दिसायला सारखीच आणि जुनं स्वस्त, त्यामुळं ‘चालतंय हो, आरटीओत मी बघतो’ असं म्हणणारे भेटतात. आरटीओत तुम्हालाच उभं राहायचंय.

फिटरकडून काय घ्यायचं

गाडी ताब्यात घेताना, पैसे पूर्ण द्यायच्या आधी, हे कागद मोजून घ्या. जीएसटीचं बिल, त्यावर किटची कंपनी, रेग्युलेटरचा नंबर, टाकीचा नंबर, आणि सिक्वेन्शियल, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं किट असेल तर ईसीयूचा, म्हणजे त्या कॉम्प्युटरचा नंबर. किटच्या मान्यतेच्या दाखल्याची प्रत. हा दाखला पुण्याची एआरएआय किंवा मानेसरची आयकॅट अशी चाचणी संस्था देते, त्यात ते किट कुठल्या गाड्यांना चालतं ते लिहिलेलं असतं आणि त्याला मुदत असते. तीन वर्षांनी तो नव्यानं घ्यावा लागतो. म्हणून दाखल्यावरची तारीख आणि तुमच्या गाडीचं मॉडेल, दोन्ही बोट ठेवून वाचा. मग टाकीचं चाचणी प्रमाणपत्र. टाकीला मान्यता पेसोची, म्हणजे स्फोटकं आणि पेट्रोलियमची सुरक्षा बघणारी केंद्राची संस्था, मुख्यालय आपल्या नागपुरात. शेवटी फिटरचं फिटमेंट सर्टिफिकेट आणि त्याला किट बसवायची परवानगी असल्याच्या पत्राची प्रत. हे शेवटचं मागितल्यावर जो तोंड वाकडं करतो, त्याच्याकडं किट बसवूच नका.

टाकीवरचा नंबर

आता थोडं डिकीत वाकू या, कारण सगळ्यात जास्त फायली इथं परत येतात.

टाकीच्या खांद्यावर, म्हणजे व्हॉल्व्हच्या जवळ जिथं ती निमुळती होते तिथं, अक्षरं ठोकलेली असतात. बनवणाऱ्याची खूण, आयएस १५४९० हे मानक, टाकीचा अनुक्रमांक, लिटरमध्ये पाण्याची क्षमता, रिकाम्या टाकीचं वजन, दाब आणि चाचणीचा महिना-वर्ष. गॅस २०० बारच्या दाबानं भरतात, त्यामुळं हे सगळं शोभेचं नाही. वरून रंगाचा जाड थर असतो आणि अक्षरं बुजलेली असतात. मोबाईलची बॅटरी सरळ मारली तर काहीच दिसत नाही. ती बाजूनं, तिरकी धरा, म्हणजे खोलगट भागात सावली पडून आकडे उठतात. तरी नाही वाचता आलं तर फळ्यावरचा खडू अक्षरांवरून घासा आणि कोरड्या फडक्यानं वरचा पुसून घ्या. आत राहिलेल्या पांढऱ्यात नंबर स्पष्ट दिसतो.

हा नंबर स्वतः वाचून बिलाशी आणि प्रमाणपत्राशी ताडून बघा. शून्य आणि ओ, एक आणि आय, पाच आणि एस, बिल लिहिणाऱ्याकडून इथंच गडबड होते. एका गोडाऊनमधून एकाच दिवशी पाच-सहा टाक्या आल्या की एकीचं प्रमाणपत्र दुसरीबरोबर जातं, हाही नेहमीचा घोळ. दुकानातच सापडला तर जागेवर निस्तरतो. निरीक्षकाला सापडला तर नवीन बिल, नवीन अपॉइंटमेंट.

आणखी एक. टाकी पट्ट्यांनी आवळायच्या आधी फिटरला सांगा, नंबरची बाजू डिकीच्या दाराकडं ठेव. पन्नास-साठ किलोची टाकी एकदा बसली की फिरवायला पुन्हा सगळं सैल करावं लागतं, आणि नंबर सीटकडं तोंड करून बसला असेल तर दर तपासणीला मागची सीट काढत बसावं लागेल. बसवून झाल्यावर नंबरचा, रेग्युलेटरचा, बॉनेटमधल्या किंवा पेट्रोलच्या झाकणाशेजारच्या फिलिंग व्हॉल्व्हचा असे फोटो काढून ठेवा.

अर्ज

परिवहन पोर्टलवर वाहनविषयक सेवांमध्ये जा, महाराष्ट्र निवडा, गाडीचा नंबर टाका. चेसिस नंबरचे शेवटचे पाच आकडे आणि ओटीपी टाकला की सेवांची यादी येते. त्यातली गाडीतल्या बदलाची, म्हणजे ‘अल्टरेशन’ची सेवा घ्यायची. शेजारीच ‘कन्व्हर्जन’ दिसतं. पेट्रोलचं गॅस केलं म्हणजे कन्व्हर्जनच की, असं वाटून लोक ते दाबतात. ते खाजगी गाडी टॅक्सी करायला, किंवा टॅक्सीची खाजगी करायला आहे. फी भरली आणि चुकीचा अर्ज गेला की ती फी गेली असंच समजा.

इंधनाच्या रकान्यात ‘पेट्रोल/सीएनजी’ असं दोन्ही असलेला पर्याय निवडा, नुसतं ‘सीएनजी’ नाही. गाडी दोन्हीवर चालते, आणि आरसीवर तसंच यायला हवं. नंतर कागद अपलोड करायचे. मोबाईलवर तिरका काढलेला, कोपऱ्यात अंगठा आलेला फोटो टाकू नका. तिकडं बसलेल्या माणसाला वाचता आलं नाही की तो अर्ज परत पाठवतो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. फी ऑनलाईन भरून पावती छापून घ्या आणि तपासणीची तारीख घ्या.

एजंट करावा का? वेळ नसेल तर करा. पण मूळ आरसी आणि कोऱ्या कागदावर सह्या देऊन निवांत बसू नका. अर्ज क्रमांक लिहून घ्या. तो पोर्टलवर टाकला की फाईल कुठल्या टेबलावर आहे ते तुमचं तुम्हाला दिसतं. एजंटचं ‘साहेब रजेवर आहेत’ खरं की खोटं, तेही मग कळतं.

तपासणीचा दिवस

गाडी स्वतः घेऊन जावी लागते. अर्जावर चेसिस नंबरचा पेन्सिलीचा ठसा लागतो. तो घरीच काढून न्या, सकाळच्या थंड बॉनेटवर. चेसिस नंबर बऱ्याच गाड्यांना बॉनेट उघडल्यावर मागच्या पत्र्यावर असतो, काहींना पुढच्या सीटखाली गालिच्याच्या आत. जागा आधी ओल्या फडक्यानं पुसून कोरडी करायची, पातळ कागद घट्ट धरायचा आणि मऊ पेन्सिल आडवी धरून हलक्या हातानं फिरवायची. टोकानं रेघा मारल्या की कागद फाटतो. दोन-तीन ठसे जादा काढून ठेवा.

निरीक्षक टाकीचा नंबर बघतो, टाकीच्या पट्ट्या आणि नट बघतो, पाईप कुठून नेलाय ते बघतो, व्हॉल्व्हवरचं वायूरोधक आवरण आणि त्याची बाहेर सोडलेली नळी बघतो. म्हणून डिकी रिकामी करून जा. एक गुरुजी आले होते, डिकीत अर्धं पोतं शेंगा, स्टेपनी, वर मुलाची क्रिकेटची बॅग. मागं रांग, पुढं साहेब, आणि गुरुजी शेंगा उतरवतायत. टाकीत थोडा गॅस भरून न्या, गाडी गॅसवर चालू करून दाखवा म्हणाले तर दाखवता यावी. पेट्रोलही असू द्या.

शेरा काही पडला, तर तो लेखी घ्या. ‘टाकीचं बघून घ्या’ असं तोंडी ऐकून येणारी माणसं आमच्या दारात उभी राहतात आणि आम्हाला काहीच उमजत नाही, की नेमकं काय बघून घ्यायचं.

कार्ड आल्यावर

नोंद मंजूर झाली की मोबाईलवर संदेश येतो आणि डिजिलॉकरमध्ये, एमपरिवहनमध्ये बदललेलं इंधन दिसायला लागतं. ते कायद्यानं चालतं, वाटेत पोलिसांनी विचारलं तर तेच दाखवा. कार्ड स्पीड पोस्टानं आरसीवरच्या पत्त्यावर येतं. पत्ता जुना असेल तर पोस्टमन परत नेतो, त्यामुळं जुन्या घरमालकाला सांगून ठेवा. कार्ड हातात आल्यावर फक्त इंधन बघू नका. नावाचं स्पेलिंग, चेसिस, इंजिन नंबर आणि आसनसंख्याही बघा.

मग लगेच विमा. पॉलिसी संपायची वाट बघायची नाही. कंपनीला नवी आरसी आणि किटचं बिल पाठवून पॉलिसीत नोंद मागा. या नोंदीला आयएमटी-२५ म्हणतात. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागात किटच्या किमतीच्या ४ टक्के आणि थर्ड पार्टीच्या भागात ६० रुपये असा जादा हप्ता बसतो. पन्नास हजारांचं किट धरलं तर दोन हजार साठ, वर जीएसटीचा जो नियम असेल तो. या रकमेसाठी नोंद टाळणारी माणसं गाडीच्या सीटकव्हरला त्याहून जास्त घालवतात.

पीयूसी आरसीच्या नोंदीवरून निघते, म्हणून इंधन बदलल्यावर ती नव्यानं काढून घ्या. काचेवरचा इंधनाचा स्टिकर मात्र बदलायचा नाही. पेट्रोल आणि सीएनजी दोन्हींना तो फिकट निळाच असतो. नारिंगी डिझेलचा.

दर तीन वर्षांनी टाकीची हायड्रो टेस्ट. टाकी काढून, पाण्याच्या दाबानं तपासून, तारखेची पट्टी लावून देतात. पंपावरचा पोरगा ती पट्टी बघतो आणि तारीख उलटली असेल तर गॅस भरत नाही. त्याच्याशी वाद घालू नका, तो बरोबर आहे. टेस्टमध्ये टाकी नापास झाली आणि नवीन बसवली, तर तिचं बिल आणि प्रमाणपत्र आरसीच्या फायलीला लावा आणि विमा कंपनीलाही नवा नंबर कळवा.

गॅस सोडून इतर बदल

रंग बदलता येतो. आरसीवर रंग लिहिलेला असतो, म्हणून आधी अर्ज आणि परवानगी, मग रंग. रॅप लावून पांढऱ्या गाडीची काळी केली तरी रस्त्यावर ती आरसीशी जुळत नाही, हे लक्षात ठेवा. जीपवाल्यांसाठी खास, ऑलिव्ह हिरवा फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२१ व्या नियमात तसं लिहिलंय, त्यामुळं त्याची परवानगी मागायला जाऊच नका.

इंजिन बदललं तर नव्या इंजिनचा नंबर चढवावा लागतो. त्याला बिल पक्कं हवं, कारण भंगारातून आणलेल्या इंजिनचा नंबर चोरीच्या गाडीचा निघाला तर प्रकरण पोलिसांत जातं. इथंही परवानगी आधी.

छप्पर कापणं, चेसिस लांबवणं, जादा सीटा टाकणं, बॉडीची ठेवणच बदलणं, हे आरसीवर चढवून देतो म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधल्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टानं सांगून टाकलं, की कंपनीच्या मूळ रचनेपासून फारकत घेणारा बदल नोंदवता येत नाही. बुलेटच्या सायलेन्सरचं तर बोलायलाच नको. आरसीवर सायलेन्सरचा रकाना नाही.

केए-२३ च्या गाड्या

निपाणी, चिक्कोडीकडची, म्हणजे कर्नाटकातली बरीच गाडी आमच्याकडं किट बसवायला येते. किट इथं बसवता येतं, नोंद मात्र गाडी जिथं नोंदलेली तिथल्या कार्यालयात. त्यामुळं कागद तिकडच्या आरटीओत चालतील असे आहेत का, हे आधी तिथं विचारून या. गाडी कायमची कोल्हापुरात आणलेली असेल तर आधी तिकडचं ना हरकत पत्र, इथला कर, एमएच-०९ चा नंबर, आणि मग गॅस. उलट क्रमानं केलं की दोन्हीकडचे हात वर करतात.

किट काढून टाकलं तरी तो बदलच. गाडी विकताना किट काढून दुसऱ्या गाडीला लावतात आणि आरसीवर सीएनजी तसंच राहतं. घेणाऱ्याच्या नावावर करताना ते अडतं. काढलेल्या किटचा फिटरचा दाखला घेऊन त्याच अल्टरेशनच्या अर्जानं पेट्रोल परत करून घ्या, आणि पॉलिसीतली आयएमटी-२५ ची नोंदही काढायला सांगा. टाकी विकत असाल तर तिचं मूळ प्रमाणपत्र आणि शेवटच्या हायड्रो टेस्टचा कागद टाकीबरोबरच द्या. त्याशिवाय आम्ही तरी ती दुसऱ्या गाडीला बसवत नाही.